मुक्या देवीची लेक

१२ सप्टेंबर २००४, रविवार

आईला व्हिसा मिळाला. जानेवारीत बाळंतपण, ती महिनाअखेरीसच येतेय. फोनवर किती खूश होती, आणि तेवढ्यात मी माती खाल्ली. म्हटलं, "आई, इकडे आल्यावर ते नको हं."
"ते कोणतं?" माहीत असून विचारते.
"अंगात यायचं."
 ती म्हणाली, "सांगून पाहतो तिले." देवीला सांगून बघणार, जशी काही ती शेजारीण आहे.

लग्नाला पाच वर्षं झाली, निखिलला हे सांगितलेलं नाही. पुण्याची माणसं ती. सासूबाईंच्या देवघरात देवसुद्धा हळू आवाजात बोलत असतील. सांगायची वेळच आली नाही, असं मी म्हणते. आली होती. दहादा आली होती.

२८ सप्टें., मंगळवार

आई आली. अमेरिकेतलं हे आमचं मॉरिसव्हिल बघून पहिलं वाक्य: "झाडं बक्कळ, अन् माणूस एक नाही." सूटकेसमध्ये मेतकूट, बाळाची दुपटी, आणि साडीत गुंडाळलेली देवीची परडी. 

जिन्यात खालची रोझ भेटली. हैतीची, साठीची, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करते. आईच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बघून थबकलीच. छातीवर हात ठेवून वाकली. मला म्हणाली, "तुझी आई देवांचं काम करते ना?" मी म्हटलं, नाही, हाउसवाइफ आहे.
आई, "काय म्हणे वं ती?"
"वेलकम म्हणाली."

१४ ऑक्टो., गुरुवार

घट बसले. काचेचा बाउल, कुंडीतली माती, इंडियन स्टोअरचे गहू. नि.ने फोटो काढून पुण्याला मेल केले. इथपर्यंत त्याला चालतं, आवडतंसुद्धा. पुढचं कुठे माहितेय त्याला.

१९ ऑक्टो., मंगळवार

संध्याकाळी किचनमध्ये आरती चालू असताना आईचे खांदे हलायला लागले. मी लगेच ओळखलं. तिने सिंकची कड धरली, ओठ चावला, आणि पुटपुटत राहिली, "आता नको वं माय, पोरीचं घर आहे." गेलं. नंतर नखशिखान्त घामाने भिजलेली.
नि.ने विचारलं, आईंना काय झालं? "बीपी," मी म्हटलं. दिवसभर लोकांच्या कोडमधले बग शोधते, आणि घरी हे.

२ नोव्हें., मंगळवार

इलेक्शन. आम्हाला मत नाही, टेन्शन तेवढं आहे. त्याहून मोठं टेन्शन आईचं: दसऱ्यापासून अर्ध्या पोळीवर आहे. डॉक्टरने सगळं नॉर्मल सांगितलं. ती म्हणते, "काही नाही वं, सुनं सुनं वाटते."

रोझने खाली बोलावलं. आज त्यांचा मेलेल्यांचा सण. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल, मेणबत्त्या, कॉफीचा कप, पाण्याचा ग्लास. आपण पितरांना ठेवतो तसंच. त्यांचा धर्म वूडू; नि. मागे म्हणाला होता, ते म्हणजे बाहुलीला टाचण्या ना? रोझला विचारलं तर खवळली. "त्या बाहुल्या टुरिस्टांना विकतात. आमच्याकडे एक मोठा देव आहे, पण तो लांब राहतो, त्याला वेळ नाही. रोजचं बघायला लोआ आहेत." लोआ म्हणजे हे त्यांचे छोटे देव, आत्मे. घराघराचे वेगळे.

भिंतीवर काळ्या आईचं चित्र. गालावर दोन वार, कडेवर लेकरू. एझिली दांतोर, त्या लोआंपैकीच एक. मंगळवार हिचा. आई खुलली, "आपल्या रेणुकेचाबी!" रोझ म्हणाली, लढाईत हिची जीभ कापली. अंगात आली की नुसतं के-के-के करते. कडेवर आहे ना, ती तिची लेक. आई काय म्हणते ते लेक लोकांना सांगते.

मी विचारून गेले, "आणि लेकीने खोटंच सांगितलं तर?"
रोझ खो खो हसली. "मुकी आहे ती. बहिरी नाही."
आई, "काय म्हणे?" या वेळी सगळं सांगितलं. हे शेवटचं सोडून.

३ नोव्हें., बुधवार

लिहूनच टाकते.

ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. आई माहूरच्या देवीचं झाड. मी सात वर्षांची असल्यापासून माझं काम ठरलेलं: तिचे खांदे हलले की धावायचं, चष्मा काढायचा, बांगड्या काढायच्या (काच फुटून लागते), अंबाडा सोडायचा, पडू द्यायचं नाही. ओसरलं की तिला काही म्हणजे काही आठवत नसे. मग आधी पाणी द्यायचं. मग देवी काय बोलली ते सांगायचं. मग बांगड्या परत चढवायच्या. याच क्रमाने.

बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळाली. बाबा म्हणाले, देवी म्हणेल तसं. दुपार होती, घरी आम्ही दोघीच. देवी आली. म्हणाली, "पोरीला दूर धाडू नका. माझं झाड एकटं पडेल."
आई पाणी प्यायली. "काय बोलली वं?"
"म्हणाली, जाऊ द्या पोरीला."
एक सेकंदसुद्धा लागला नाही मला.

आईनेच बाबांना मनवलं. देवीचा शब्द म्हणून. मी गेल्यावर तिला धरायला कोणी नव्हतं. तिच्या मनगटावर जो लांब वण आहे तो त्याच वर्षीचा, आणि "काय बोलली" हे तिला त्यानंतर धड कोणी सांगितलेलं नाही. नि.पुढे लाज वाटते, हे सगळं वरवरचं. मला भीती वाटते ती देवी पुन्हा बोलेल याची.

६ नोव्हें., शनिवार

मेलेल्यांचा सण मंगळवारी, जेवण आज. आपल्या मंडळासारखंच. अमेरिकेत आले की सगळे देव शनिवारी येतात! जवळच्या डरहॅमला, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये. आई आधी कुरकुरली, पोटुशी बाई मेलेल्यांच्या जेवणाला? रोझ म्हणाली, गेदे हा मेलेल्यांचा राजा, पण लेकरांचा राखणदार. मग निघाली.

आधी वाट उघडणाऱ्या म्हाताऱ्याचं गाणं, लेग्बाचं. त्याच्याशिवाय कोणी आत येत नाही, आपला गणपतीच. मग ढोल. रोझचे खांदे हलले, आणि तिची लेक, चाळिशीची नर्स, गर्दीतून धावली. रोझचे कानातले काढले, घड्याळ काढलं, बूट सोडले, पाठीशी उभी राहिली. माझे हात आपोआप पुढे झाले होते. आईने ते पाहिलं.

आपण झाड म्हणतो, त्यांच्याकडे घोडा म्हणतात. लोआ स्वार होतो. रोझच्या अंगात गेदे आला तो हॅट घालून, एका काचेचा गॉगल लावून, मिरच्या घातलेली रम घटाघटा पीत, असले चावट जोक मारत की अख्खं गॅरेज लोळत होतं. एरवी रोझ चर्चला जाणारी सभ्य बाई! मध्येच माझ्यापाशी आला, पोटाला एक बोट लावलं, गंभीर झाला, पुढे गेला.

उतरल्यावर रोझने लेकीला विचारलं, मी काय बोलले? लेकीने कानात सांगितलं. रोझने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. आई हसत हसत रडायला लागली. गाडीत म्हणाली, "तिची पोर जवळ राहते वाटते."

७ नोव्हें., रविवार

नि.ला सांगितलं. आईच्या अंगात येतं, इथे तिने अडवून धरलंय, म्हणून ती अशी झालीय.  तो म्हणाला, "डॉक्टर नकोच का?" मग, "पाच वर्षं, यार." दुखावला. बरोबर आहे त्याचं. जेवताना म्हणाला, "तसं झालं तर मी काय करायचं?" म्हटलं, मध्ये यायचं नाही. पाणी आण.

ॲडमिशनचं नाही सांगितलं. अर्धंच खरं बोलले.

नंतर आईला म्हटलं, "आली तर येऊ दे तिला." आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुले चालते?" रात्री तिने दोन पोळ्या खाल्ल्या.

२६ नोव्हें., शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. थँक्सगिव्हिंगची सुट्टी. दुपारी पाहते तर नि. काचेचं कॉफी टेबल उचलून बेडरूममध्ये नेत होता.   फार आवडला मला तो तेव्हा.

दिवे लावले आणि आली. सात महिन्यांचं पोट घेऊन मी धावले. चष्मा. बांगड्या, अकराच्या अकरा, एकही फुटली नाही. अंबाडा. खांदे धरले. तेरा वर्षांनी धरले तर केवढीशी झालीय आई! हाताला नुसती हाडं लागली. देवीने माझा हात पकडला, माझ्याच पोटावर ठेवला, आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाली, "पोरीला दूर धाडू नका, म्हटलं होतं मी."

बस. एवढंच. मग आई कोसळली, मी धरली.

नि. पाणी घेऊन उभा. ऐकलं त्याने, पण ॲडमिशनचं माहीत नसताना त्याला काय कळणार? आईने ग्लास रिकामा केला. चेहरा स्वच्छ, पूर्वीसारखा. कितीतरी दिवसांनी अशी दिसली. "काय बोलली वं?"

मी म्हटलं, "थांब, चहा टाकते."

चहा झाला. जेवणं झाली. तिने पुन्हा विचारलं नाही. बांगड्या अजून माझ्याकडेच आहेत, ड्रेसच्या खिशात. तिने त्याही मागितल्या नाहीत; क्रम तिलाही पाठ आहे, आधी सांगणं, मग बांगड्या. सवाष्ण बाई उघड्या हातांनी पलीकडच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत बसली आहे. दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

पुन्हा जाते.