घाबरं

१२ नोव्हेंबर
वै.ला घेऊन हाउसआर्ट्सकडे. फॅमिली डॉक्टरला इथे हॉलंडमध्ये हाच शब्द, माझी जीभ अजून अडखळते. आत शिरताच वै. नेहमीसारखी, "तुम्हीच सांगा हो." तिचं म्हणणं एवढंच, की जिना चढताना घाबरं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंग्रजी चालेल. मी कशाला ऐकतोय! डचची परीक्षा नुकतीच पास झालोय. म्हटलं, "झे इस बांग." ती घाबरते. मग बाईंनी एकटेपणा, हिवाळा, घरची आठवण असलं बरंच विचारलं. मी सगळ्याला हो हो. श्वासाचे व्यायाम दिलेत. निघताना म्हणाल्या, डच छान आहे तुमचं. दिवसभर खुशीत होतो.

३ डिसेंबर
वै. रोज सकाळी खिडकीशी डोळे मिटून बसते, दीर्घ श्वास घेते. सांगितलंय म्हणजे करायचंच, असा स्वभाव. फरक शून्य. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्यावर पिशवी टेकवून उभी राहिली. मी चिडवलं, "काय खो-खो चॅम्पियन, दमलात?" सांगलीला जिल्ह्याच्या टीममध्ये होती ती. हसली. बोलायला मात्र दम नव्हता.
थंडीचं असेल. सगळ्यांचंच होतं इथे.

१८ डिसेंबर
मी भांडी घासत होतो. आतल्या खोलीत मनू आईला अस्वलाची गोष्ट वाचून दाखवत होती. "बेअर इस नीट बांग!" डचमध्ये नीट म्हणजे नाही, यावर आमच्याकडे रोज हशा. वै. म्हणाली, "म्हणजे अस्वल घाबरलं नाही." मनूने विचारलं, "आई, यू ऑल्सो गेट घाबरं ना?"
"अगं, ते वेगळं. घाबरणं भीतीचं. घाबरं होतं म्हणजे श्वास कोंडतो, छाती धडधडते. भीती कसली?"
नळ तसाच चालू राहिला.
मराठी माझी. डॉक्टरांकडेही तिचं वाक्य हेच होतं, घाबरं होतं. आणि मी काय सांगून आलो? जो शब्द येत होता तो ठोकून दिला. शहाणा कुठला! हात दाखवून अवलक्षण, आणि भोगतेय ती.
शब्दकोश काढला. बेनाउट. श्वास कोंडणं, जीव गुदमरणं, सगळं त्यात. आपल्या घाबरंसारखाच. त्यांच्याकडे होता की.
तिला सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१९ डिसेंबर
फोन करून, या वेळी बेनाउट म्हणून, डॉक्टरांची वेळ घेतली. वै.ला म्हटलं, पुन्हा दाखवून टाकू एकदा. ती: "कशाला, व्यायाम चाललेत की." सांगणार होतो. मनू आली मध्ये. मनूचं कारण बरं सापडतं मला.

६ जानेवारी
बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी. सात वर्षं समोर जेवतोय, मला दिसली नाही. एकटीसाठी कोण स्वयंपाक करतं म्हणून दुपारी रोज उभ्या उभ्या ब्रेड-चीज खाते, हेही मला आज कळलं, तेही बाईंनी विचारलं म्हणून. मग छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. रक्त तपासायचं. हृदयाचा आवाजही नेहमीसारखा नाही, हॉस्पिटलला पाठवतेय, म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून डचमध्ये: हे तेव्हाच का नाही सांगितलंत?
बाहेर आल्यावर वै.ने विचारलं, "शेवटी काय म्हणाल्या बाई?"
"काही नाही गं. लवकर बरं वाटेल म्हणाल्या."
म्हणजे दुसऱ्यांदा. या वेळी शब्द माहीत असून.

९ जानेवारी
रक्त फारच कमी निघालं. गोळ्या सुरू. पण नुसतं तेवढंच की हृदयाचंही काही, ते हॉस्पिटलमध्येच कळेल. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल: "पोरगी किती वाळली हो!" वै. हसत म्हणाली, "इथला उजेडच तसा, आई." मी कॅमेऱ्यातून बाजूला झालो.

२१ जानेवारी
हॉस्पिटल. कॉरिडॉरमध्ये बसून हे लिहितोय. नाव पुकारलं तसा मी उठलो, वै.ने तिचा कोट माझ्या हातात दिला.
"तुम्ही बसा इथेच."
"अगं, पण डच..."
"जमेल तसं बोलते."
चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.
दार लागता लागता आतून बाईमाणसाचा आवाज, काहीतरी विचारत होता. मग वै.चा, सावकाश, लायब्ररीतल्या डचच्या वर्गात बोलतात तसा, एकेक शब्द सुटा.
"इक बेन नीट बांग. बेनाउट."
हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. कधी शोधला? त्या दिवशी बाईंनी मला विचारलेलं सगळं कळलं होतं का तिला? आणि बाहेर येऊन मी खोटं बोललो, तेव्हाही?
कोट मांडीवर आहे. खूप वेळ झाला, दार उघडत नाहीये. भीती मलाच वाटतेय.