आतल्या मशीनवर माझं बारीक लक्ष

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार
नवी मशीन आली. १२८ एमबी रॅम! सुरतेच्या बमरोलीतल्या दुसऱ्या कुठल्याही डाइंग मिलमध्ये एवढी रॅम नसणार. (विचारलेलं नाही. पण नसणारच.) बन्सीलाल शेठनी मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर गेलं नाही ते केवळ माझ्या प्रसंगावधानामुळे. मी कीबोर्डवर पालथा पडलो होतो. शर्ट धुवायला टाकलाय.

शेठना एकच धास्ती आहे. एक जानेवारीला कॉम्प्युटर २००० ऐवजी १९०० समजला तर बिलांचा बट्ट्याबोळ होईल. म्हटलं, शेठ, हा योगराज कशाला आहे? नवं साल उजाडायच्या आधीच सगळं तपासून देतो. शेठ म्हणाले, तपासून दे, मग कॉम्प्युटर मॅनेजर तू आणि काचेची केबिन तुझी.
पडदे निळे घ्यावेत.

५ ऑक्टोबर
पुण्याच्या मित्राने एक सीडी पाठवलीय. अफाट सॉफ्टवेअर. मशीनच्या पोटात दुसरी, खोटी मशीन तयार होते. आतलीत साल २००० लावायचं, बाहेर ऑक्टोबर चालू. आत बिलाचा प्रोग्राम चालवून बघायचा, आणि बाहेर बिलिंगच्या रंजनाताईंची रोजची बिलं बिनधास्त निघत राहणार.
शेठना सोप्या भाषेत समजावलं, की भाडेकरू पोटभाडेकरू ठेवतात ना, तसं. शेठ म्हणाले, "ए भाडुं आपशे?" मी हसलो. ते हसले नाहीत. भाडं देईल का, हे खरंच विचारत होते.

७ ऑक्टोबर
आतली मशीन सुरू! आत १ जानेवारी २०००, सकाळचे दहा. अख्ख्या सुरतेत मी सगळ्यात पुढे आहे.
चाचणी उद्या. आधी ही आतली बाई खाते किती, ते बघायला हवं. मेमरी, सीपीयू, डिस्क, तिन्हींचे ग्राफ लावले. हिरवी रेघ वर जाते, खाली येते. दिवसभर बघितली. संध्याकाळी डोळे चुरचुरत होते. कामाचा ताण फार.

११ ऑक्टोबर
चाचणी झाली नाही. रेघ स्थिर नाही. अस्थिर मशीनवर चाचणी घेणं अशास्त्रीय.
रंजनाताई म्हणतात, नवी मशीन आल्यापासून बिल निघायला उशीर होतो. नवरात्र आहे, माणसं गरबा खेळून येतात, बोटं जड होतात, असं मी सौम्यपणे सुचवलं. त्या म्हणाल्या, मी गरब्याला जात नाही. तरी नोंद केली: कारण, गरबा.

१६ ऑक्टोबर
आई अमळनेरहून आली. शेजारणींना सांगायचंय म्हणून विचारलं, तू हापिसात करस काय? म्हटलं, मशीन किती काम करते ते बघतो. ती म्हणाली, "काम मशीन करस, तू देखस. मंग तुले पगार कसाना देतस रे भाऊ?"
आमच्या मातोश्री धुरपदाबाईंना टेक्निकल विषयात गती नाही. उज्ज्वला स्वयंपाकघरात हसत होती. बायकोने अशा वेळी तरी गप्प राहावं.

२५ ऑक्टोबर
चंदी पडवो, म्हणजे सुरतेत घारी खायचा दिवस. घारी खाल्ली. दोन खायचा संकल्प होता. संकल्प पहिल्या दोनपर्यंत पाळला.
आतली मशीन उपाशी आहे, असं ग्राफवरून दिसलं. दिली ९६ एमबी. बाहेरच्या मशीनला उरली ३२. मोठ्यांनी थोडकं खावं, धाकट्यांना द्यावं, हीच आपली संस्कृती. आत सगळं झक्कास.
बाहेर रंजनाताई एक बिल टाकून चहा पिऊन येतात, तरी ते निघालेलं नसतं. म्हणजे चहाला वेळ मिळतो. आभार मानायचं सोडून शेठकडे गेल्या.

१ नोव्हेंबर
शेठ म्हणाले, दिवाळीचा माल निघतोय, टेस्ट केव्हा? म्हटलं, आकडे जमवतोय. आता दर सेकंदाला मशीनच्या खाण्याची नोंद आपोआप डिस्कवर होते. मी नसलो तरी माझं लक्ष असतं.
चाचणी नक्की उद्या.

४ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी अकरा. बिलिंग बंद. डिस्क भरली! गेटवर टेम्पोंची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, परगावचे व्यापारी फोनवर फोन करतायत. शेठ माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांचा श्वास मानेवर लागत होता.
डिस्क भरली ती माझ्या नोंदींनीच, असं दिसलं. (नोंदी किती तपशीलवार होत्या याचा हा पुरावाच.) मी ताबडतोब निर्णय घेतला. डिस्कवरची सगळ्यात मोठी फाइल शोधली आणि उडवली. नोंदींचीच असणार.
आतली मशीन बाहेरून एका भल्यामोठ्या फाइलसारखी दिसते, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.
तोवर रंजनाताईंनी कपाटातून जुनी बिलबुकं काढली, कार्बन घातला आणि हातानेच बिलं फाडायला लागल्या. मी मदतीला गेलो. त्या म्हणाल्या, भाऊ, उजेडातून सरका.
शेवटचा टेम्पो गेला तेव्हा शेठनी त्यांना खुर्ची दिली, सोडा मागवला. मी तसा उभाच होतो.

५ नोव्हेंबर
एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. आजचा ग्राफ अप्रतिम आहे. मेमरी मोकळी, सीपीयू शांत, डिस्क हलकी. रिपोर्टमध्ये लिहिलं: वापर पूर्ण नियंत्रणात. सुबक टाइप करून शेठच्या टेबलावर ठेवला.

१३ नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीनंतर मिल पुन्हा उघडली. शेठ म्हणाले, रिपोर्ट वाच्यो. हवे जान्युआरी बताव. म्हणजे आता जानेवारी दाखव.
म्हटलं, जानेवारी सध्या मशीनमध्ये नाही. परत बसवावा लागेल. सीडी आणायला घरी गेलो. आईने ती कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली होती. उन्हाने तडकलीय. आईला विचारलं तर म्हणाली, चांगली चमके रे, कबुतर बी यी नही राहिनात.
शेठना हे जसंच्या तसं सांगितलं नाही. माल पुण्याहून येतोय म्हणालो.

२० डिसेंबर
मित्र फोन घेत नाही.
काचेच्या केबिनमध्ये शेठच्या भाच्याने कापडाच्या सॅम्पलचे ताके ठेवलेत. तात्पुरते असावेत.

३१ डिसेंबर
शेठचा हुकूम: चाचणी झाली नाही, तेव्हा आठवडाभर सगळे कॉम्प्युटर बंद. बिलं हाताने. मी रंजनाताईंच्या हाताखाली. म्हटलं, शेठ, मशीन बंद तर लक्ष कशावर ठेवू? शेठ म्हणाले, बेन जे आपे ए लख. म्हणजे ताई देतील ते लिही.

१ जानेवारी २०००, शनिवार
जग बुडालं नाही. उज्ज्वलाने शिरा केला होता, आई म्हणाली साखर कमी.
ऑफिसात रंजनाताईंच्या शेजारी स्टुलावर बसलो. त्यांचा हात भराभर चालतो. किती भराभर, याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात त्या मान वर न करता म्हणाल्या, "बघू नका, योगराजभाऊ. लिहा."
लिहिलं. अक्षर वळणदार, ताके बरोबर, बेरीज दोनदा तपासली. अभिमानाने पुढे सरकवलं. माल न्यायला आलेल्या पार्टीच्या माणसाने वाचलं आणि हसत परत दिलं.
तारीख मी १-१-१९०० घातली होती.
रंजनाताईंनी ते बिल फाडून टाकलं आणि नवा कार्बन घातला.