रंधा मशीनचा पट्टा

४ मार्च
हे आठवडाभरासाठी नणंदेकडे गेले. शेडची किल्ली देताना बजावलं, "मशीनला हात लावू नकोस. नाजूक अवस्थेत आहे." बिडाचं धूड ते! फळ्या तासायचं जुनं रंधा मशीन. निवृत्त झाल्यापासून ह्यांची "दुरुस्ती" चालू आहे — जेवण झालं की शेड, पाहुणे आले की शेड.
रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर मीच बघते. चाललं तर राहील, नाहीतर जाईल.

५ मार्च
गंज? नाही. बेअरिंग तुळतुळीत. पात्याला धार आहे (बोट कापलं). मग अडलंय कुठे? बटण दाबलं. मोटर गरगर, मशीन ढिम्म. दोघांना जोडणारा पट्टाच नाही!

६ मार्च
पट्टा सापडला — शेडमधल्याच बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटांखाली! शेजारी उशी, रेडिओ आणि माझा हरवलेला कप.
चढवला. फळी सरकवली, ढलप्या उडाल्या. काय गुळगुळीत फळी! म्हणजे काही बिघडलेलंच नव्हतं.
नणंदेला फोन केला. ती खो खो हसत सुटली. "अगं वहिनी, दादा लहानपणीही सायकल उघडून बसायचा. आईने हाक मारली की 'हात काळे आहेत!' त्या सायकलला कधी काही झालंच नव्हतं!"

७ मार्च
माझ्यापासून लपायला एवढं लोखंड लागतं? कामं सांगते, जीव तर घेत नाही!
दुपारी राग उतरला. आता पंचाईत. बंद आहे म्हणावं तर मशीन भंगारात. चालू आहे म्हणावं तर ह्यांनी जायचं कुठे?

८ मार्च
भंगारवाला दारात. "काढायचं ना, बाई?"
"चांगलं मशीन कोणी भंगारात देतं का?"
"अहो, तुम्हीच बोलावलंत!"
मोडका पंखा देऊन वाटेला लावला. पट्टा काढून डब्यात ठेवला. वर ताजी बिस्किटं.

११ मार्च
हे आले. बॅग दारातच टाकून थेट शेडमध्ये. बऱ्याच वेळाने बाहेर आले, हातात ताजं बिस्किट. नजर जमिनीवर. "जमलं का काही?"
"छे! फारच बिघडलंय. माझ्या आवाक्यातलं नाही."
ह्यांचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या कुठल्याच स्वयंपाकाने कधी उजळला नाही.

१२ मार्च
जेवण झाल्यावर म्हणाले, "एकट्याचं काम नाही गं हे. टॉर्च धरायला कोणीतरी हवं." मी गेले. शेडमध्ये दुसरं स्टूल पुसून ठेवलेलं होतं.