पंचवीस यार्ड फुकट

६ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.
नवी वही. टॅनर्सफोर्ड कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकऑफ-कोच म्हणून हा माझा एकविसावा सीझन. किकऑफ म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला बॉल आपल्या पोराने झेलायचा आणि धडका चुकवत पळत सुटायचं. संकल्प: आमचा हेड कोच ब्रुबेकर याच्यावर चिडायचं नाही. डोनट बंद.

यंदा सुरक्षेचा आणखी एक नियम. किकऑफचा बॉल झेलणाऱ्याने नुसता हात वर केला, की त्याला कुणी शिवायचं नाही. त्याच्या टीमचा खेळ थेट पंचवीस यार्डांच्या रेषेवरून सुरू. पळणं नाही, धडकणं नाही. का, तर पोरांच्या डोक्याला मार बसतो म्हणे. आम्ही डोक्यांनी भिंती फोडल्या, आम्हाला काय झालं? माझी मान डावीकडे वळत नाही, पण ती उशीमुळे.

७ ऑगस्ट.
डोनट दोन. मीटिंग होती.

२० ऑगस्ट.
बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट मोकळी करून देणारा अकरा जणांचा व्यूह तयार! किचनच्या टेबलावर मसाल्याच्या बाटल्या मांडून लोरीनला समजावला. म्हणाली, "छान आहे रे वॉल्ट. पण पोराने हातच वर केला तर?" बायको चांगली आहे. फुटबॉल कळत नाही.

१ सप्टेंबर, शनिवार.
पहिली मॅच. बॉल झेलायला डेल्विन. एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळतो. चार किकऑफ, चारही वेळा हात वर. झापलं, तर म्हणतो, "कोच, पंचवीस यार्ड फुकट मिळतायत की!" त्याला फार्मसिस्ट व्हायचंय. दिसतंच आहे.

६ ऑक्टोबर.
एकवीस वेळा हात वर. बस थांबवत असल्यासारखा. ब्रुबेकर मला म्हणाला, "वॉल्ट, तुझं खातं मस्त चाललंय. एकालाही दुखापत नाही." टोमणा असावा.

३ नोव्हेंबर.
अफवा आहे की पुढच्या वर्षी किकऑफ-कोचची जागाच नसेल. ब्रुबेकरने ऑफिसात बोलावून सांगितली. म्हणजे अजून पक्कं नाही.

डेल्विनला गाठलं. म्हटलं, एकदा पळ, माझ्यासाठी. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तुमच्यासाठी, कोच. एकदाच." गहिवरलो.

१० नोव्हेंबर, शनिवार. शेवटची मॅच.
पळाला! व्यूह लागला. तीन सेकंद मी बावीस वर्षांचा होतो. मग समोरचे दोघे फट शोधून आत घुसले. आवाज माझ्यापर्यंत आला. डेल्विन उठेना. मी किती जोरात धावलो, मलाच ठाऊक नाही. डॉक्टरच्या आधी पोचलो.

त्याने डोळे उघडले. "कोच, किती?"
सोळा यार्ड.
"हात वर केला असता तर पंचवीस," म्हणाला, आणि हसला. डॉक्टरने तपासलं. डोकं ठीक आहे. मी मात्र बाकावर बसून राहिलो.

मॅचनंतर त्याची आई आली. हातात भोपळ्याचा केक. मी कॉलर नीट केली. म्हणाली, "अख्खा सीझन हात वर करायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला? त्यासाठी आणला होता."
मी म्हटलं, हो, कल्पना माझीच.
"आणि आजची?"
तीही, म्हटलं.
केक परत घेऊन गेली. वास छान येत होता.