नेम चुकल्याचा तुकडा

पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
३ जानेवारी

प्रिय बाबा,

तुमच्या चकमकीच्या बंदुकीने आज चाळीस पावलांवरून माझी हरणी चुकली. धूर विरला तेव्हा ती शेपटी उंच करून टेकडी चढत होती. रक्त सांडलंय का, हे मी तासभर बर्फात शोधलं. कुठेच नव्हतं.

नेम चुकलेल्यांच्या शर्टांचे कापलेले तुकडे शिकारीच्या छावणीच्या भिंतीवर टांगलेले असतात. त्यांत आपल्या घरातला एकही नाही, असं तुम्ही नेहमी सांगायचात.

एलवुडकाकांना मी म्हणालो, "चुकलो."

"दारू दमट होती म्हण की. तुझ्या बापाची नेहमी दमट असायची."

"कोरडी होती, काका. बार नीट उडाला."

त्यांनी कात्री उचलली. "मग फीर पाठमोरा. शर्ट नवा असला तर आईला मी समजावतो."

सगळे हसले, मीही हसलो. तुकड्यावर नाव आणि तारीख मीच लिहिली, ओळ सरळ ठेवून. आज त्या भिंतीखाली मी ताठ बसून जेवलो.

दारू दमट होती, बार उडालाच नाही, असं तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी बंदूक मी साफ केली होती. बार उडाला नसता, तर गोळी आतच सापडली असती. नळी रिकामी होती, बाबा. मी कोणाला सांगितलं नाही.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. पण माझ्या तुकड्याशेजारी मी एक खिळा ठोकून ठेवला आहे. पुढच्या हंगामाला फ्लोरिडाहून आलात, तर जुना शर्ट घालून या.

तुमचा,
डेल्मर