नळीवर ठेवलेलं बोट

प्रिय दादा,

परवा तुझी मागची खोली बघायला एक सर येऊन गेले. त्यांनी जे सांगितलं ते तुझ्याशिवाय कुणापाशी बोलण्यासारखं नाही, आणि तू तर नाहीस. दोन दिवस स्वयंपाकघरात तुझ्याशी मनातल्या मनात बोलत राहिले. शेवटी कागद घेतला.

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. नीता पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, मामाची खोली आता मोकळी कर गं. पाहुणे येतील, त्यांना टेकायला तरी जागा होईल." खरंच आहे तिचं. देवगावहून चुलत्यांकडची सगळी येणार. म्हणून शेजारच्या देशमुखवहिनींच्या ओळखीनं इंजिनिअरिंग कॉलेजातल्या या सरांना बोलावलं. म्हटलं, तुझी यंत्रं कुणाच्या उपयोगी पडली तर पडली.

तुझा छंद लोकांना कधी कळलाच नाही, दादा. फुलंब्रीच्या कचेरीत दिवसभर सातबारे लिहायचे, संध्याकाळच्या यष्टीनं गारखेड्यात परत यायचं आणि चहा घेऊन मागच्या खोलीत शिरायचं. शाळा-कॉलेजात यातलं तू काही शिकला नव्हतास. रेडिओ दुरुस्त करणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. तू रेडिओ तपासायची यंत्रं दुरुस्त करायचास. कारखान्यांनी भंगारात काढलेली, विलायतेतून आलेली, जडशीळ. आई एकदा दारात उभी राहून विचारत होती, आठवतं?

"व्हय रे, ही यंत्रं कशानं तपासतो तू?"

"दुसऱ्या यंत्रानं."

"आन ते दुसरं बिघडलं मंजी?"

"मग ह्यानं ते तपासायचं."

आई बराच वेळ बघत राहिली. "लई अवघड हाय बाबा तुझं," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. तुला बायको का नको होती ते तिला त्या दिवशी समजलं, असं ती पुढं सांगायची.

सीआरओ, विजेच्या लाटा काचेवर रेघेनं दाखवणारं ते यंत्र, तू जुन्या बाजारातून आणलास त्या रविवारी मी माहेरपणाला आले होते. रिक्षातून दोघांनी मिळून उतरवला होता. मी विचारलं, हा कसला रे टीव्ही, एवढ्याशा गोल काचेचा? तू हसलास. भंगारवाल्या चाचांनीही तेच विचारलं होतं म्हणे. "क्या करते साब इसका? टीवी नै है ये." आणि तू त्यांना म्हणालास, "टीवीच है चाचा, बस प्रोग्राम आपनेच को करना पडता."

तो चालू करायला तुला वर्ष लागलं असेल. पुढं माझे हे गेले, नीताला घेऊन मी तुझ्याकडे राहायला आले. पहिले काही महिने मी कुणाशी बोलत नव्हते. एका दुपारी तू मला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलंस. हातात माइक दिलास. काचेवर हिरवी रेघ होती, सरळ, शांत. म्हणालास, "सुमे, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

तेवढ्यानं ती रेघ उसळली, डोंगर झाले, पुन्हा सपाट झाली. तू म्हणालास, "बघ, हा तुझा आवाज. आहे अजून." मग नीता आली, तिनं 'येरे येरे पावसा' म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. तुला ते कळलं होतं का? तू कधी बोलला नाहीस.

निवृत्तीनंतर मोतीबिंदू झाला. बारीक काम दिसेना तसं तू एकेका यंत्रावर चादर टाकत गेलास. सीआरओवरही आईची जुनी सोलापुरी घातलीस. ऑपरेशननंतर डोळे स्वच्छ झाले, पण चादरी निघाल्या नाहीत. मग तो लकवा आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे एक शब्द राहिला. बरं. पाणी हवं असलं तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, माझ्यावर चिडलास तरी बरं. पाटी दिली तर डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या ओढल्यास आणि पाटी ढकलून दिलीस. मान हलवायचास, पण हो आणि नाही यांची मान सारखीच हलायची. बोलणं शिकवायला दवाखान्यातून एक बाई यायच्या. चांगल्या होत्या. तुझ्यासमोर आरसा धरायच्या, "काका, आ म्हणा, ई म्हणा." तू तोंड भिंतीकडे करायचास. तालुक्याच्या कचेरीत ज्याच्या अक्षराची लोक तारीफ करायचे त्याला लहान लेकरासारखं आ-ई म्हणायला लावायचं. तुझी लाज मला दिसत होती. बाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं. पुढं फार आशा नसते."

मग मला सीआरओ आठवला. मला वाटलं, आरशात बघून आवाज काढायची तुला लाज वाटते. पण काचेवर रेघ उठली तर ते शिकणं होणार नाही, ते मोजणं होईल. मोजायला तू कधी नाही म्हणाला नव्हतास.

तुला धरून मागच्या खोलीत नेलं. चादर काढली. बटण दाबलं तर काही नाही. काच काळी ती काळीच. मी म्हणाले, "दादा, हा दुरुस्त करू आपण. तू सांग, मी करते. मग तुझा आवाज बघू."

तू माझ्याकडे बघितलंस. "बरं," म्हणालास.

मी तो होकार धरला.

पत्र्याचं झाकण मीच काढलं. आत सगळी धूळ, दिव्यांसारख्या काचेच्या वॉल्व्हच्या रांगा, आणि मधोमध ती लांब काचेची नळी, जिच्या पुढच्या टोकाला तो गोल पडदा. तू डावा हात लांबवलास आणि नळीच्या मानेवर बोट ठेवलंस. ठेवूनच राहिलास. "बरं," म्हणालास. पुन्हा म्हणालास, "बरं. बरं." मला वाटलं, तू सांगतोयस की ही नाजूक आहे, जपून. मी आईच्या लुगड्याचं एक मऊ फडकं आणलं, नळीच्या मानेभोवती गुंडाळलं आणि दोऱ्यानं बांधलं. म्हणाले, "आता नाय धक्का लागायचा." तू हात मागं घेतलास.

आणि मग आपण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत ते काम केलं. मी, जिनं बालवाडीत लेकरांना बडबडगीतं शिकवली, कंडेन्सर काढायला शिकले. डाख द्यायला शिकले. सुरुवातीला माझी बोटं भाजायची, डाखाचे गोळे व्हायचे. तू गोळ्यावर बोटानं टकटक करायचास, मी तो पुन्हा वितळवायचे. मीटरची तार तू डाव्या हातानं टेकवायचास, काट्याकडे बघायचास, मग पुढच्या जागी. एकेक जुना कंडेन्सर काढला, नवा बसवला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांकडे यंत्राचा फोटो घेऊन गेले तर म्हणाले, "मावशी, हे आमच्या जन्माच्या आधीचं आहे." वॉल्व्हसाठी जुन्या बाजारात गेले. चाचा नव्हते, त्यांचा मुलगा होता. त्यानं पोतं उपसून दिलं. तुझं नाव सांगितलं तर म्हणाला, "वो फुलंबरीवाले साब? कैसे हैं?" मी म्हणाले, बरे आहेत.

त्या दिवसांत तू ताठ बसायचास, दादा. दाढी करून घ्यायचास. दुपारी चहा झाला की स्वतःहून खोलीकडे बघायचास. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना मी सांगितलं, थोडं थांबा, यंत्र चालू झालं की तोच बोलेल. त्यांनी आरसा पिशवीत ठेवला. पुढं त्यांचं येणंही कमी झालं, मग बंद झालं.

होळीनंतर शेवटचा वॉल्व्ह बसवला. बटण दाबलं. तापलेल्या धुळीचा वास आला, सगळे वॉल्व्ह नारंगी पेटले, एकूण एक. मी म्हणाले, "दादा, बघ." आणि काच काळी. आपण वाट बघितली. काळीच. तू डोकं टेबलावर टेकवलंस आणि रडलास. बाबा गेले तेव्हा तू रडला नव्हतास, आई गेली तेव्हाही नाही. आणि मी काय म्हणाले? "रडू नको दादा, अजून एक कंडेन्सर राह्यलाय."

तो राहिलेला कंडेन्सर बदलायच्या आधी तुला दुसरा झटका आला. घरातून नेलं ते परत आणलं नाही.

परवा ते सर आले. वयानं नीताएवढे असतील. चप्पल बाहेर काढून खोलीत आले, एकेका यंत्रावरनं हात फिरवला. म्हणाले, "काकू, मोठ्या माणसाचं काम आहे हे." मग सीआरओ उघडलेलाच होता, तो वाकून बघितला. माझे डाख बघून विचारलं, "हे अलीकडचं कुणी केलं?" मी सांगितलं. ते कौतुकानं हसले. मग त्यांनी नळीच्या मानेवरचं फडकं सोडलं.

सोडलं आणि आणखी जवळ वाकले. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काकू, ही नळी गेलेली आहे. हे बघा, इथं काचेला आतून चांदीसारखा डाग असतो, आरशासारखा चकचकीत. तो पांढरा पडलाय, दुधासारखा. म्हणजे आत हवा शिरली. कुठंतरी बारीक तडा गेला असणार, जुनी झाली की होतं. मग बाकीचं कितीही दुरुस्त केलं तरी काही दिसत नाही."

"कधी गेली असेल?"

"ते नाही सांगता येणार. बरीच वर्षं झाली असतील."

"हे कळायला काय करावं लागतं?"

"काही नाही. ज्याला यातलं माहीत आहे त्याला झाकण काढलं की दिसतं."

  जाताना सर म्हणाले, आता लॅबमध्ये सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण हा सीआरओ कॉलेजच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवता येईल, खाली दादांचं नाव लावू. मी कळवते म्हणाले.

दादा, तुला दिसलं होतं का रे?

दिसलं असेल, तर पहिल्या दिवशी तू मला बोट ठेवून सांगत होतास. जेवढं सांगता येत होतं तेवढं सगळं सांगितलंस. तीनदा सांगितलंस. आणि मी तुझ्या बोटाखालच्या जागेवर फडकं बांधलं. मग एवढे महिने तू माझ्या शेजारी बसून मला एका मेलेल्या यंत्राला औषध देताना बघत होतास.

आणि दिसलं नसेल, तर तुझ्या शब्दांबरोबर तेही गेलं होतं. जे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं ते. मग होळीनंतर तू रडलास ते कशासाठी, हेही मला ठाऊक आहे. तुला तेव्हा कळलं की तुला कळत नाही.

यातलं कोणतं खरं मानू? रात्रंदिवस दोन्ही तोलून बघितली. एकही उचलवत नाही.

नीताला फोनवर नळीपुरतं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मामाला माहीत असणार. त्याला तुझ्याजवळ बसायला मिळत होतं ना, म्हणून करू दिलं त्यानं." लेक समजूतदार आहे. मी तिला हो म्हणाले. पण नुसतं जवळ बसायचं असतं तर तू टेबलावर डोकं टेकवून रडला नसतास. तुझं रडणं मी पाहिलं आहे, तिनं नाही. ही समजूत मला लागू पडत नाही, दादा. कुणी चांगल्या मनानं दिली तरी नाही.

राहूनराहून एकच विचार येतो. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी आरसा धरला होता, तेव्हा मी हट्टानं तुझं तोंड वळवलं असतं तर एखादा दुसरा शब्द आला असता का? 'नको' एवढा एक शब्द. तेवढा पुरला असता आपल्याला.

कॉलेजला मी नाही कळवलं. दाराशी कपाटात तुझ्या नावाखाली ती काळी काच कुणी बघू नये असं वाटतं. बाकीची यंत्रं घेतो म्हणाला तर चाचांच्या मुलाला देईन. सीआरओचं काय करायचं ते मला सुचत नाही. नळीचं फडकं सरांनी सोडून टेबलावर ठेवलं, ते तसंच आहे. मी त्या खोलीत परवापासून गेलेले नाही.

आता पाहुण्यांचं. तुझ्या तेराव्याला सगळे जमले होते तेव्हा चुलतवहिनी भर पंगतीत म्हणाल्या होत्या, "सुमीनं लई केलं भावाचं. त्याला बोलता येत नव्हतं, पर हिला त्याचं समदं कळायचं." सगळ्या बायकांनी मान डोलावली. मीही डोलावली. मला तेव्हा ते खरं वाटत होतं, आणि खरं सांगते, त्याच एका गोष्टीवर मी हे वर्ष काढलं.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा येतील आणि पुन्हा तेच म्हणतील. दादा, तुला शब्द देते. या वेळी मी मान डोलावणार नाही. वाढता वाढता थांबेन आणि सगळ्यांसमोर सांगेन की मला कळत नव्हतं. माझा भाऊ बोलत होता, आणि मला कळत नव्हतं.

तुझी,
सुमी