आत्याबाईंची भंगलेली देवी

ती. आत्याबाईंच्या चरणी,

काल देवासहून तुमची लेक आली, आमच्या अक्का. वर्षश्राद्धाचं सामान आलं: भटजींची धोतरजोडी तीन रुपये, तांब्या सवा रुपया, तीळ दोन आणे. आणि लाल कापडाचा तुकडा, चार आणे. तो कशाला म्हणून विचारलं, तर अक्कांनी खाली बघत सांगितलं, "आईची देवी बांधून नर्मदेत सोडायला."

म्हणून हे पत्र. गेलेल्या सासूला कुणी लिहितं का? पण लग्नानंतर मला मॅट्रिकला बसवलंत ते तुम्हीच. आता वाचा!

विहीर खणताना सापडलेली ती वीतभर दगडी देवी. नाक फुटलेलं, एक हात नाही. भंगलेली मूर्ती पूजू नये, असं भटजी दर श्रावणात सांगायचे, आणि तुम्ही दर शुक्रवारी तिला न्हाऊ घालायचात. पुढे तुमची उजवी बाजू लुळी पडली. हे त्या देवीपायीच, असं अक्कांच्या मनानं घेतलं. आता त्यांची सून बाळंत व्हायची आहे, त्यामुळे भीती दुप्पट. मी काय बोलणार? देवी तुमची, लेकही तुमची.

आज संस्थानच्या संग्रहालयात बायकांचा वार होता. तिकीट नाही. म्हटलं, "अक्का, घरात बसून रडण्यापेक्षा चला." तुम्हाला किती वेळा म्हटलं असेल! "दगड बघायला कशाला जायचं? घरात आहे की एक," म्हणायचात. आत्याबाई, यायला हवं होतंत हो.

अक्कांनी चपला बाहेरच काढल्या. सरकारांच्या तसबिरीपुढे पदर डोक्यावर घेऊन वाकून मुजरा केला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "यमुने, हे बघतायत आपल्याकडे." मी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन म्हटलं, "इथंही बघतायत." मग दोघी कोपरे बदलून बदलून बघत राहिलो. तुम्ही गेल्यापासून अक्का पहिल्यांदाच खळखळून हसल्या. मांडूच्या निळ्या फरशा बघून म्हणाल्या, "अशी एक चुलीमागे हवी, काजळी दिसली तरी शोभेल."

पलीकडे मूर्तींचं दालन. तिथे हसू थांबलं. ओळीनं सगळे देव, आणि एकही धड नाही! कुणाला सोंड नाही, कुणाला पाय नाही. अक्का माझा हात घट्ट धरून चालत होत्या. एका देवीपाशी थबकल्या. तिचा हात कोपरापासून गेलेला, पण मांडीवरचं मूल तसंच बिलगलेलं. अक्का तिथेच फरशीवर बसल्या.

म्हणाल्या, "हिचा हात गेला, म्हणून पोर उठून गेलं नाही गं."

मी शेजारी टेकले.

"आईचा उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं चाचपडत माझी वेणी घालायची. वाकडी. आपण आईला कुठं नेऊन सोडलं होतं का?"

मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग त्यांनी कमरेची कुंकवाची डबी काढून त्या देवीला बोट लावलं. पहारेकरी धावला, "बई, यां कंकू मती लगाओ, साब लड़ेगा!" साहेब रागावेल म्हणे.

"काय भिया, देवीला नको तर काय तुझ्या साहेबाला लावू?"

तो हसला, पुसलं मात्र लगेच. तेवढ्यात अक्कांनी नमस्कार उरकला होता.

घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि मला म्हणाल्या, "यमुने, हिला मी देवासला नेऊ? सुनेच्या खोलीत ठेवीन."

खरं सांगू? वाईट वाटलं. वर्षभर तिला मी न्हाऊ घातलंय. तुमच्यामागे बोलायला तीच होती. पण लेकीचा हक्क मोठा. "न्या," म्हटलं.

उद्या भटजी रागावतील. त्यांना मी उत्तर देईन. आणि वचन देते, देवासला जाईन तेव्हा तिचं न्हाणं माझ्याच हातचं.

एकच अडलंय. तिच्यावर पाणी घालताना तुम्ही काहीतरी पुटपुटायचात. ते मला कधी नीट ऐकू आलं नाही, आणि अक्का विचारतायत. उलट टपाली कळवावं. पहाटेच्या स्वप्नात सांगितलंत तरी चालेल.

तुमची सून,
यमुना